किल्ला बांधून झाला, आता बखर लिहू

वाचकांचे प्रश्न : घरशिक्षण आणि मराठी लेखन

प्रश्न : माझा मुलगा साडेदहा वर्षांचा असून गेली दोन वर्षे तो घरीच शिकतो आहे. गणित आणि विज्ञान तो आवडीने करतो, गोष्टींची पुस्तकेही वाचतो. परंतु मराठीत काही लिहायला सांगितले की त्याचा हात चालत नाही. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर गेल्या आठवड्यात त्याने पाऊण तास बसून चार वाक्ये लिहिली आणि त्यांतली दोन ‘मला पाऊस आवडतो’ याच अर्थाची होती. एरवी तो रोज तासभर संगणकावर माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी जग बांधण्याचा खेळ खेळतो आणि जेवताना त्याविषयी न थांबता बोलत असतो. खेळ बंद केल्याशिवाय लेखन सुधारणार नाही, असे माझ्या सासूबाईंचे म्हणणे आहे. उलट अशा खेळांमुळेच मुलांचे लेखन सुधारते, असेही कानांवर येते. यात तथ्य आहे का, आणि असल्यास आम्ही घरी नेमके काय करावे?
— एक आई, नाशिक

उत्तर : तो जेवताना न थांबता बोलतो, हे वाक्य आपण पत्रात सहज लिहून गेला आहात, माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रात तेच महत्त्वाचे आहे. ज्या मुलाला एखाद्या विषयावर सलग बोलता येते, त्याच्याकडे मजकूर आहे, घटनांचा क्रम आहे आणि ऐकणाऱ्याला काय ठाऊक नाही याचा अंदाजही आहे. पावसाळ्याच्या निबंधात यांतले काहीच त्याच्या उपयोगी पडत नाही, कारण पाऊस तुम्ही पाहिलेला आहे, हे त्याला पक्के माहीत असते. जे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक आहे ते पुन्हा कशासाठी लिहायचे, हा त्याचा न विचारलेला प्रश्न रास्त आहे. (शाळेतली मुले हा प्रश्न गुणांच्या भीतीने गिळून टाकतात, घरी शिकणारे मूल तो गिळत नाही, एवढाच फरक.) खेळातल्या जगाविषयी मात्र त्याला जे ठाऊक आहे ते तुम्हाला खरोखरच ठाऊक नाही. लेखनाला लागणारी ही असमानता खेळाने तुमच्या घरात आयती आणून ठेवली आहे.

तरीही ‘खेळामुळे लेखन सुधारते’ हे विधान जसेच्या तसे स्वीकारू नये. ब्रिटनमधील नॅशनल लिटरसी ट्रस्ट या संस्थेने २०२० साली ११ ते १६ वर्षे वयाच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत खेळणाऱ्या दर पाच मुलांपैकी सुमारे तिघे खेळाशी संबंधित काही ना काही लिहितात, असे आढळले. पण त्या ‘काही ना काही’मध्ये खेळता खेळता सवंगड्यांना धाडलेले तुटक संदेशही धरलेले आहेत. असे संदेश वर्षभर लिहिले तरी परिच्छेद कसा बांधायचा हे कळत नाही. नुसते खेळून बोटे चपळ होतील, एवढेच. लेखन सुधारते ते खेळ थांबवल्यावर, आणि थांबवून पुढे काय केले यावर.

या ‘थांबवण्या’चे एक चांगले उदाहरण इंग्लंडमधले आहे. ब्रिस्टलजवळच्या चू मॅग्ना या गावातील प्राथमिक शाळेचे शिक्षक टिम रायलंड्स यांनी ‘मिस्ट’ या खेळमालिकेचा उपयोग लेखनाच्या तासाला केला आणि त्या कामासाठी त्यांना २००५ साली पुरस्कारही मिळाला. १९९३ पासून सुरू झालेल्या या मालिकेत मारामारी जवळजवळ नाही. निर्मनुष्य बेटे, बंद दारे, चमत्कारिक यंत्रे आणि कोडी आहेत. रायलंड्स खेळ वर्गातल्या पडद्यावर लावत, काही पावले पुढे जात आणि थांबत. मग वारा कुठून येतो आहे, पायांखालची फळी कशी वाजते, दार उघडण्यापूर्वी तुला काय वाटते, असे प्रश्न विचारून ते मुलांना लिहायला लावत. यातली मेख लक्षात घ्यावी. पडद्यावर चित्र आणि आवाज होते, पण गंध, स्पर्श, थंडी, भीती यांतले काहीच नव्हते. ते मुलांना स्वतःच्या शब्दांनी भरून काढावे लागे. आपण निबंधाचा विषय देतो तेव्हा मुलाला चित्रापासून सगळेच स्वतः उभे करावे लागते आणि ते पहिल्या ओळीपाशीच दमते.

आता आपल्या घराकडे येऊ. माइनक्राफ्टमध्ये लिहिण्याची सोय खेळातच आहे, हे कदाचित आपल्याला ठाऊक नसेल. खेळणाऱ्याला तिथे वही आणि पीस मिळवता येते, पण ती फुकट मिळत नाही. ऊस तोडून त्याचा कागद करावा लागतो, गाईचे कातडे लागते, त्यांपासून पुस्तक होते. मग कोंबडीचे पीस आणि माकूळ नावाच्या समुद्री प्राण्याची शाई जोडली की लिहिण्याजोगी वही तयार होते. (साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रातल्या मुलाला उसाचा कागद होतो हे खेळातून कळावे, याची मला गंमत वाटते.) संगणकावरील जावा आवृत्तीत या वहीला १०० पाने असतात. वही ‘सही करून’ बंद केली की तिला शीर्षक आणि लेखकाचे नाव मिळते आणि त्यानंतर तिच्यातले एक अक्षरही बदलता येत नाही. कच्चा खर्डा आणि पक्की प्रत यांतला भेद मी वर्गात अनेक वर्षे समजावत आले. सही केल्यानंतर पहिल्याच पानावरची चूक दिसलेल्या मुलाला तो एका दुपारी समजतो. सही करण्याआधी मजकूर कोणाकडून तरी वाचून घ्यावा, ही बुद्धी त्याला दुसऱ्या वेळी आपोआप होते.

मात्र सुरुवात या वहीपासून करू नका. कागदावरच्या एका साध्या कामापासून करा. त्याला सांगा की तुम्हाला हा खेळ शिकायचा आहे आणि तो शेजारी नसताना शिकायचा आहे, म्हणून खेळातली पहिली रात्र (तेव्हा राक्षस चालून येतात) सुखरूप कशी काढायची याच्या सूचना त्याने लिहून द्याव्यात. तो लिहील : ‘आधी लाकूड तोड. मग टेबल बनव. मग घर बांध.’ आपण या सूचना हातात घेऊन खेळायला बसावे, आणि येथेच आपले खरे काम सुरू होते : जे लिहिले आहे तेवढेच करायचे, मनचे काही घालायचे नाही. लाकूड कशाने तोडायचे हे लिहिलेले नाही, म्हणून नुसते उभे राहायचे. घराला दार ठेवायला सांगितलेले नाही, म्हणून दार ठेवायचे नाही आणि आत अडकून पडायचे. तो तोंडाने सांगू लागला तर कागद पुढे करून ‘हे यात कुठे आहे?’ एवढेच विचारायचे. पहिल्या दिवशी तो चिडेल, दुसऱ्या दिवशी हसेल, आणि तिसऱ्या मसुद्यात ‘आधी’, ‘त्यानंतर’, ‘जर अंधार पडला तर’, ‘दार लावल्याशिवाय’ असे शब्द येऊ लागतील. व्याकरणाच्या पुस्तकात ज्यांना उभयान्वयी अव्यये आणि शब्दयोगी अव्यये म्हणतात, ते शब्द त्याला येथे कामासाठी लागतात, आणि कामासाठी लागलेला शब्द मूल विसरत नाही.

सूचना चांगल्या जमू लागल्या की वर्णनाकडे वळावे. आपली मुले दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात, तसा हा मुलगा खेळात बाराही महिने काही ना काही बांधत असणार. त्याला एक किल्ला ठरवून बांधायला सांगा आणि त्या किल्ल्यापुरते आपले जुने शब्द त्याच्या हाती द्या : तट, बुरूज, माची, बालेकिल्ला, देवडी, खंदक, चर्या, जंग्या, पाण्याचे टाके, चोरदरवाजा. नाशिकहून रामशेज किल्ला जवळ आहे. एका सकाळी तिथे जाऊन यांतल्या शक्य तितक्या गोष्टी प्रत्यक्ष दाखवाव्यात. बंदुकीचा नेम धरण्यासाठी तटाला ठेवलेल्या भोकाला ‘जंगी’ म्हणतात, आणि ज्याने स्वतः तट बांधताना ठोकळे मोजून अशी भोके ठेवली आहेत, त्याला तो शब्द हवाच असतो. मग किल्ल्याची बखर लिहू द्यावी. किल्ला कोणी बांधला, जागा का निवडली, पहिला हल्ला कोणत्या रात्री झाला, कोणता बुरूज पडला, तो पुन्हा कसा उभारला, हे सगळे त्याच्या खेळात खरोखर घडलेले असते, त्यामुळे ‘काय लिहू?’ हा प्रश्नच उरत नाही. बखरीचा ढंग त्याला मोठ्याने वाचून दाखवा. मुलांना त्या भाषेचा रुबाब फार आवडतो आणि नक्कल करता करता ती लांब वाक्य तोलायला शिकतात. क्रीपर हा खेळातला स्फोट होणारा प्राणी ‘अवचित चालून आला’ असे वाक्य एका मुलाने माझ्यासमोर लिहिले, तेव्हा मी ते फळ्यावर उतरवून घेतले होते. क्रीपर शब्द मराठीत आणण्याचा आग्रह कृपया धरू नये. खेळातल्या वस्तूंची नावे तशीच राहू द्यावीत. क्रियापदे आणि वर्णन मराठी असले की वाक्य मराठीच होते.

तपासताना हात आखडता ठेवावा. एका लेखात एकच गोष्ट सुधारायची, तीही अर्थ कळण्याला अडथळा करणारी. ऱ्हस्व-दीर्घाची वेळ शेवटी, पक्की प्रत करताना यावी. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार मराठीत सामान्यतः दीर्घ लिहितात आणि त्याच्याआधीचा बहुधा ऱ्हस्व होतो, एवढ्या दोन नियमांनी या वयातल्या निम्म्याअधिक चुका आटोक्यात येतात. आणि प्रत्येक खेळानंतर लेखन हवेच, असा नियम चुकूनही करू नये; आठवड्यातून दोनदा पुरे. खेळाला गृहपाठाची शेपटी लागली की मूल खेळाविषयी बोलणेही बंद करते, आणि मग आपण सध्या ज्या भांडवलावर उभे आहोत तेच जाईल. सासूबाईंना मात्र या उद्योगात जरूर ओढावे. खेळाविषयी ज्यांना काहीच ठाऊक नाही असा वाचक घरात असणे ही लेखकाची चैन आहे. बखर त्यांना कळली, तर ती चांगली लिहिली गेली आहे.

प्रश्न : आमची मुलगी बारा वर्षांची आहे. तिला लढायांचे खेळ आवडत नाहीत, पण गोष्टी रचायला आवडतात. आमच्याकडे जुना लॅपटॉप आहे आणि इंटरनेट बेभरवशाचे आहे. तिच्यासाठी काही सुचवाल का?
— एक वडील, सातारा जिल्हा

उत्तर : तिला खेळ खेळायला देण्याऐवजी करायला द्यावा. ‘ट्वाइन’ नावाचे एक विनामूल्य साधन ख्रिस क्लिमस यांनी २००९ साली तयार केले. ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते, जुन्या संगणकावरही चालते आणि देवनागरी मजकूर स्वीकारते. त्यात गोष्ट लहान लहान उताऱ्यांत लिहायची असते, आणि ज्या शब्दांवरून वाचक पुढच्या उताऱ्याकडे जाणार ते शब्द दुहेरी चौकोनी कंसांत ठेवायचे असतात. उदाहरणार्थ : ‘तू वाड्याच्या दिंडीदरवाजापाशी उभी आहेस. आत ओसरीवर कंदील जळतो आहे, पण हाकेला ओ येत नाही. तू [[आत जातेस]] की [[मागच्या आडाकडे वळतेस]]?’ एवढे लिहिताच साधन दोन नवे रिकामे उतारे उभे करते आणि तिला ते भरावे लागतात. प्रोग्रॅमिंग म्हणून सुरुवातीला एवढेच पुरते.

या प्रकाराचे मूळ पडद्यावर चित्रे नव्हती त्या काळात आहे. अमेरिकेत विल क्राउदर यांनी १९७६ च्या सुमारास गुहेत हिंडण्याचा एक खेळ केला आणि डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये तो वाढवला. त्यात संगणक फक्त वाक्ये दाखवी आणि खेळणाराही शब्द टंकून उत्तर देई. गुहा अंधारी आहे हे सांगायला शब्दांखेरीज काहीच हाताशी नसल्यामुळे लिहिणाऱ्याला नेमकेपणा टाळता येत नसे.

शाखा फुटणारी गोष्ट लिहिताना तिला ज्या अडचणी येतील त्या लेखनाच्याच अडचणी आहेत. आडाकडून आलेली वाचक आणि ओसरीवरून आलेली वाचक एकाच माजघरात पोहोचली, तर माजघराचा उतारा दोघींना कळेल असा लिहावा लागतो. आडात पडलेल्या बांगडीचा उल्लेख तिथे करून चालत नाही, कारण एकीने ती पाहिलेलीच नाही. वाचकाला या क्षणी काय ठाऊक आहे आणि काय नाही, हा हिशेब मोठमोठे लेखकही चुकतात. तिला तो कागदावर झाडासारखी आकृती काढून ठेवू द्यावा. दुसरी अडचण निवडीची असते : दोन वाटा कोठे जातात याची जराही चाहूल नसेल, तर वाचक नाणे उडवल्यासारखी निवड करतो; म्हणून प्रत्येक वाटेच्या शब्दांत थोडा इशारा, थोडा मोह पेरावा लागतो. तुम्ही दोघांनी आणि एखाद्या मैत्रिणीने तिच्यासमोर गोष्ट खेळावी, आणि तुम्ही कोठे अडखळता ते तिने गुपचूप टिपावे. तुमच्या अभिप्रायापेक्षा तुमचे अडखळणे तिला अधिक शिकवेल.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ट्वाइन ब्राउझरमध्येच वापरले, तर गोष्ट त्या ब्राउझरच्या साठ्यात राहते आणि कोणी तो साठा साफ केला की गोष्टही जाते. माझ्या ओळखीच्या एका मुलीची तीन आठवड्यांची मेहनत अशीच घरच्यांच्या साफसफाईत गेली. उतरवून घेतलेली आवृत्ती वापरावी आणि दर बैठकीनंतर गोष्टीची प्रत वेगळी ठेवावी.

मुलगी आणखी लहान असती, तर मी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले ‘स्क्रॅच’ हे मुलांसाठीचे प्रोग्रॅमिंगचे साधन सुचवले असते. त्यात पात्रांच्या तोंडी फुग्यांतून संवाद घालता येतात आणि संवाद लहान ठेवावेच लागतात. बाराव्या वर्षी तिला अधिक जागा हवी.

प्रश्न : मुलाला मराठी टंकायला शिकवावे की हातानेच लिहू द्यावे? पुढे मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा द्यायची आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : परीक्षा देणार असाल तर हाताला पर्याय नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेसाठी किमान वय १४ वर्षे आहे आणि उत्तरपत्रिका हातानेच लिहायची असते. तेव्हा त्याआधीची दोन वर्षे मुलाला सलग हाताने लिहिण्याची सवय असलीच पाहिजे. खेळाशी जोडलेल्या लेखनापैकी नकाशे, रोजची नोंदवही, सूचनांचे पहिले मसुदे हे सगळे कागदावरच करावे. त्यात खोडाखोड दिसते आणि खोडाखोड दिसणे या वयात हिताचे असते.

टंकलेखनाविषयी माझे मत जरा आग्रही आहे. बहुतेक घरांत मराठी रोमन अक्षरांतून टंकले जाते : ध्वनीप्रमाणे इंग्रजी अक्षरे दाबायची आणि पडद्यावर सुचवलेल्या शब्दांतून एक निवडायचा. मोठ्यांना ते सोयीचे आहे, पण शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत ‘पाणी’ की ‘पाणि’, ‘न’ की ‘ण’ हा निर्णय यंत्र घेते आणि मूल त्यावर बोट ठेवून मोकळे होते. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकात मात्र स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ मात्रेसाठी वेगळ्या कळा आहेत, आणि जोडाक्षर करताना हलन्ताची कळ स्वतः दाबावी लागते. म्हणजे प्रत्येक अक्षर कसे घडते याचा विचार बोटांना करावा लागतो. सुरुवातीचे काही आठवडे गती रडतखडत असेल, पण रोज पंधरा मिनिटे दिली तर ती येते. शिवाय टंकण्याचा सराव म्हणून वेगळे धडे देण्याची गरज नाही. बखरीची पक्की प्रत टंकायला घ्यावी.

प्रश्न : माझा नातू तेरा वर्षांचा आहे. लेखनासाठी म्हणून त्याला खेळायला वेळ वाढवून दिला, पण आता तो खेळ सोडायलाच तयार नसतो, लिहीत तर नाहीच. हे व्यसन समजावे का?
— एक आजोबा, कोल्हापूर

उत्तर : पत्रावरून निदान करणे योग्य नाही, पण कशाकडे पाहावे ते सांगता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या रोगवर्गीकरणात खेळासंबंधीच्या विकाराचा समावेश केला आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्या कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा खेळ वरचढ होणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही लक्षणे साधारणपणे १२ महिने टिकली आणि त्यांमुळे घर, अभ्यास, मैत्री यांत ठळक बिघाड झाला, तर तो विकार मानतात. म्हणजे दोन-चार आठवड्यांचा हट्ट त्यात बसत नाही. पण झोप, जेवण किंवा घराबाहेर पडणे सुटू लागले असेल, तर वर्षभर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांचा किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

लेखनाच्या बदल्यात खेळाचा वेळ वाढवून देणे, ही चूक आपण चांगल्या हेतूने केली आहे. त्यामुळे लेखन ही खेळासाठी मोजायची किंमत झाली आणि मुले किंमत नेहमी कमीत कमी देतात. वाढवलेला वेळ त्याला आधी सांगून काढून घ्यावा, ठरलेला वेळ तेवढाच ठेवावा, आणि लेखनाचा विषय महिनाभर अजिबात काढू नये. त्या महिन्यात रोज संध्याकाळी एकदा त्याला विचारावे की आज खेळात काय झाले, आणि तो जे सांगेल ते आपण स्वतः वहीत लिहून घ्यावे, आपल्या अक्षरात, त्याच्यासमोर. काही दिवसांनी तो खांद्यावरून डोकावून ‘आजोबा, असे नाही झाले’ म्हणाला, तर पेन त्याच्या हातात द्यावे.